बैलाचे दात पाहता, मग जमिनीचे का नाही?



बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? तोंड उघडून दात पाहतो, खूर तपासतो, चार पावले चालवून पाहतो, जमले तर गाड्याला जुंपतो. चार जाणत्यांना विचारल्याशिवाय कासरा हातात घेत नाही. एवढे करूनही बैल वाईट निघाला तर पुढच्या बाजारी तोटा सोसून विकता येतो.

आणि जमीन? जन्माची कमाई जिच्यात घालायची, ती आपण बांधावर उभे राहून पाहतो. विकणाऱ्याच्या घरचा चहा पितो, मध्यस्थाच्या शब्दावर इसार देतो आणि गावात पेढे वाटतो. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "मातीत घातलेला पैसा कधी बुडत नाही."

हे वाक्य खोटे आहे. ते कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी आणि का शिकवले, हे आज मांडायचे आहे. आणि तरीही जमीन घ्यायचीच असेल तर इसार देण्याआधी काय काय तपासायचे, तेही सांगायचे आहे.

इचलकरंजीचा पैसा

हा अंक इचलकरंजीच्या मेळाव्यासाठी छापला आहे, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला. या गावात 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्यानंतर कोरडवाहू मुलखातली माणसे इथे येत राहिली. जत, आटपाडी, सांगोला, विजापूरकडची पोरे मागावर उभी राहिली. गावाकडे ज्वारी पिकेना, कापसाला भाव मिळेना, म्हणून शेतकऱ्याचा पोरगा इथे येऊन त्याच कापसाच्या सुताचे कापड विणू लागला. बारा-बारा तास खडखडाटात उभे राहून त्याने पैसा साठवला. आता चाळिशी ओलांडल्यावर त्याच्या मनात एकच गोष्ट येते : दोन एकर घ्यावी आणि परत शेतकरी व्हावे.

म्हणजे चक्र कसे फिरते पाहा. शेतीने ज्याला हाकलले, त्याने मागावर पैसा कमवला आणि तो पैसा पुन्हा शेतीतच घातला. त्या जमिनीत पिकलेला कापूस पुन्हा तोट्यात विकला जाणार. ज्याच्या घामावर हे चक्र फिरते त्याच्या हातात शेवटी काय उरते, हे विचारायला नको काय?

पहिली तपासणी : किंमत कशाची मोजता?

बहुतेक माणसे कागदांपासून सुरुवात करतात. आम्ही म्हणतो, सुरुवात हिशेबापासून करा.

सरकारचाच आकडा घेऊ, म्हणजे आम्ही फुगवून सांगतो असे कोणी म्हणणार नाही. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये क्विंटल जाहीर झाला. सरकारने धरलेला उत्पादन खर्च होता 5,140 रुपये. त्याच्या दीडपट भाव दिला, असा डांगोरा पिटला गेला. म्हणजे सरकारच्या तोंडूनच क्विंटलमागे शिल्लक 2,570 रुपये. कोरडवाहूत एकरी 5 क्विंटल कापूस निघाला असे धरू. एकरी शिल्लक झाली 12,850 रुपये. तीही केव्हा? पाऊस वेळेवर पडला, बोंडअळी आली नाही आणि माल हमीभावाने विकला गेला तर.

ज्वारीचे तर विचारूच नका. त्याच हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 आणि धरलेला खर्च 2,466 रुपये. क्विंटलमागे 1,233 रुपये. एकरी 4 क्विंटल धरले तर पाच हजारसुद्धा पुरे होत नाहीत.

आता समजा, तुम्ही एकरी 10 लाख रुपये मोजून जमीन घेतली. हेच 10 लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 60,000 रुपये व्याज आले असते. जमीन देते 12,850. बारा टक्क्यांनी कर्ज काढून घेतली असेल तर वर्षाचे नुसते व्याजच 1,20,000. ही जमीन तुम्हाला पोसणार नाही. तिला पोसायला तुमच्या पोराला पुन्हा मागावर जावे लागेल.

हा 5,140 रुपयांचा खर्च काढला कसा? त्यात बियाणे, खत, औषध, मजुरी धरली. घरच्या माणसांची मजुरीही धरली. जमीन दुसऱ्याची खंडाने घेतली असेल तर तो खंडही धरला. पण तुमच्या मालकीच्या जमिनीचा खंड आणि तुमच्या स्वतःच्या भांडवलाचे व्याज मात्र त्यात नाही. हे दोन्ही धरून सरकारच दुसरा एक खर्च काढते, ज्याला 'सी-2' म्हणतात. भाव ठरवताना तो कपाटात राहतो. कापडाच्या गिरणीवाल्याने यंत्राची किंमत हिशेबात धरायची नाही असे कोणी म्हटले तर लोक त्याला वेड्यात काढतील. शेतकऱ्याने मात्र जमीन आभाळातून पडली असे समजून भाव मान्य करायचा.

मग जमिनीच्या किमती चढतात कशाने? कापूस-ज्वारीने नक्कीच नाही. किंमत चढते ती रस्त्याने, प्लॉटने, उसाने आणि शहरातल्या पैशाने. इचलकरंजीच्या आसपासच्या शेताची किंमत उद्याच्या घरांवर आणि कारखान्यांवर नजर ठेवून सांगितली जाते. जतच्या माळाला म्हैसाळ योजनेच्या पाण्याच्या आशेने भाव चढतो. ज्याला प्लॉट पाडायचे आहेत त्याने प्लॉटचा भाव द्यावा. ज्याला ज्वारी पेरायची आहे त्याने तो देणे म्हणजे हेडंबाच्या वरातीत पोटाला चिमटा काढून नाचण्यासारखे आहे.

आमचा साधा नियम आहे. ज्या जमिनीवर नजर आहे तिचा चार वर्षांचा हिशेब मांडा : एक चांगले, दोन बेताची आणि एक दुष्काळाचे. घरच्यांची मजुरी धरून सरासरी शिल्लक काढा. त्या शिलकीतून किमतीचे व्याज निघत नसेल तर ती शेतीसाठी घेतलेली जमीन नव्हे. मानासाठी किंवा पोरांच्या लग्नासाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पण मनाशी तसे कबूल करा, म्हणजे पुढे पिकाला दोष देण्याची वेळ येणार नाही.

दुसरी तपासणी : माती

हिशेब जमला तर पहार आणि फावडे घेऊन शेतात चला. वरून काळी दिसणारी प्रत्येक जमीन काळी नसते. शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला असे तीन खड्डे छातीभर खोल घ्या. मालक खड्डे घेऊ देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

मुरूम किती हातावर लागतो ते पाहा. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला मिळू शकेल असे सुमारे 150 ते 200 मिलिमीटर पाणी साठते. अर्ध्या मीटरवर मुरूम लागला की तो साठा निम्मा झाला. रब्बीची ज्वारी पाऊस संपता संपता पेरली जाते आणि याच साठ्यावर निघते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव झाले ते तिथल्या खोल काळीमुळे. कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर म्हणजे त्याच्या मातीची खोली. वीतभर मातीवर ना ज्वारी दाणा भरते ना कापूस शेवटची बोंडे धरतो. तिथे मटकी, हुलगा, बाजरीचा हिशेब करा आणि किंमतही त्याच मापाने मोजा.

खड्ड्यात चुनखडीचे पांढरे खडे फार दिसले तर सावध राहा. अशा जमिनीत पिके पिवळी पडतात आणि दिलेले खत पुरते लागू पडत नाही.

नदीकाठची 'स्वस्त' जमीन कोणी दाखवली तर दुप्पट सावध राहा. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी पाजून आणि निचऱ्याची सोय न करून कितीतरी जमीन क्षारपड आणि पाणथळ झाली आहे. ती सुधारता येते. शिरोळ भागात जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून शेतकऱ्यांनी ती सुधारलीही आहे. पण त्याला खर्च येतो, आणि चर काढायला खालच्या शेतकऱ्यांचीही संमती लागते. तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

क्षारपड जमीन ओळखायला प्रयोगशाळा नंतर, डोळे आधी. मार्च-एप्रिलच्या उन्हात जा. वर पांढरा फेस आलेला दिसतो, पिकात टकलासारखे मोकळे पट्टे दिसतात, लव्हाळा माजलेला असतो. एक सोपी परीक्षा घरीही करता येते. सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. दुसऱ्या दिवशी ढेकूळ विरघळून तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिले तर ठीक. पाणी दुधासारखे गढूळ झाले तर जमीन चोपण आहे असे समजा. मग माती परीक्षण केंद्रात एक-एक फुटाच्या थरांचे वेगवेगळे नमुने द्या. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर संशय उरत नाही.

आणि पूर. 2005, 2019 आणि 2021 या तीन वर्षी पंचगंगा आणि कृष्णा कुठवर आल्या हे शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नव्हे. पाणी किती दिवस उभे होते हेही विचारा. दोन दिवसांचे पाणी गाळ देऊन जाते, दहा दिवसांचे पीक घेऊन जाते.

तिसरी तपासणी : पाणी

विहीर दिवाळीत दाखवतात, कारण दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. तुम्ही मे महिन्यात जा. पंप किती तास चालतो आणि उपसा झाल्यावर विहीर भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. विहिरीत किती जणांची पाळी आहे आणि ती सातबाऱ्याच्या इतर हक्कात लिहिली आहे का ते पाहा. वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, बाकी किती आहे, तेही विचारा.

नदीचे पाणी असेल तर त्याचीही परीक्षा करा. पंचगंगेत शहरांचे सांडपाणी आणि प्रक्रिया-उद्योगांचे रंगीत पाणी मिसळते, हे इथल्या पोराटोरालाही माहीत आहे. क्षाराचे पाणी काळ्या जमिनीला दिले की काही वर्षांत चांगली जमीनही चोपण होते.

आणि "पुढच्या साली कॅनॉलचे पाणी येणार" या बोलीवर एक रुपयासुद्धा जास्त देऊ नका. पाणी शेताच्या बांधावर आले, पाळी मिळाली, पावती फाडली, की मग त्याची किंमत. सरकारच्या आश्वासनाची किंमत शेतकऱ्याने का मोजायची?

चौथी तपासणी : कागद

आता सातबारा. तो नीट वाचा, आणि वाचताना लक्षात ठेवा की सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नाही. महसूल अधिनियमाच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' खरी धरायची असते, एवढेच.

पहिल्यांदा भोगवटादाराचा वर्ग पाहा. वर्ग 1 असेल तर बरे. वर्ग 2 असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. वतनाची, कूळकायद्यात कलम 43 च्या अटीने मिळालेली, सीलिंगमध्ये वाटलेली, धरणग्रस्तांना दिलेली, भूदानाची, अशा जमिनी त्यात येतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर कलम 36-अ आडवे येते. आपल्या भागात देवस्थानच्या जमिनी फार. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांवर देवळे आहेत. पुजाऱ्याने किंवा कसणाऱ्याने करून दिलेले खरेदीखत टिकत नाही.

मग 'इतर हक्क' पाहा. सोसायटीचा इकरार असेल तर बोजा फिटल्याशिवाय व्यवहार करू नका. सहकार कायद्याच्या कलम 48 ने असा व्यवहार रद्दबातल ठरतो. धरणाच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी हस्तांतरणबंदीचा शेरा आहे का ते पाहा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिले असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे.

बहिणींची नावे शोधा. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2005 साली वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. बहिणीची सही म्हणजे व्यवहारातली कटकट नव्हे. तो तिचा हिस्सा आहे आणि त्याचे पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत. भावाच्या हाती सगळी रक्कम देऊन बहिणीची जमीन घेणारा शेतकरी उद्या कोर्टात उभा राहिला तर त्याची कीव करता येणार नाही.

मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढा आणि दुय्यम निबंधकाकडे तेवढ्याच वर्षांचा शोध घ्या. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले. त्याआधीची दप्तरे बरीचशी मोडीत आहेत. वतनाचा संशय आला तर मोडी वाचणारा माणूस गाठा. सौद्याआधी भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणी करून घ्या. पोटखराबा किती आहे ते पाहून लागवडीच्या क्षेत्राचेच पैसे मोजा. वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे पाहा. मुखत्यारपत्रावर जमीन विकणाऱ्यापासून दूर राहा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच सांगितले आहे.

लहान तुकडा घेत असाल तर तुकडेबंदीचा 1947 चा कायदा पाहा. ऑगस्ट 2023 पासून आपल्या जिल्ह्यासह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. आणि घेणारा स्वतः शेतकरी असल्याचा दाखला लागतो. मागावर वीस वर्षे काढलेल्या पोराने गावाकडच्या आठ-अ वरचे आपले नाव आधी शोधावे. नाहीतर कूळकायद्याचे कलम 63 त्यालाच 'शेतकरी नाही' ठरवेल.

सगळे तुम्हीच तपासायचे, मग सरकार कशाला?

एवढी यादी वाचून दम लागला असेल. लागलाच पाहिजे. कारण इथेच खरा प्रश्न आहे.

तुम्ही जमीन घेता तेव्हा सरकार मुद्रांक शुल्क घेते, नोंदणी फी घेते, मोजणी फी घेते, नकलांचे पैसे घेते. बदल्यात काय देते? 1908 च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते, मालकीची हमी मिळत नाही. सातबारा सरकार लिहिते, फेरफार सरकार मंजूर करते, मोजणी सरकार करते. आणि पुढे जमीन दुसऱ्याचीच निघाली तर सरकार म्हणते, तुम्ही नीट तपासायला हवे होते. दुकानदाराने वजनात मारले तर त्याला दंड होतो. चुकीचा सातबारा विकत घ्यायला लावणाऱ्या सरकारला एक रुपयाची भरपाई द्यावी लागत नाही.

भावाचेही तेच. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. जूनमध्ये हमीभावाकडे पाहून हिशेब मांडून जमीन घेतलेल्या माणसाने हे कोणत्या सातबाऱ्यावर तपासायचे होते?

आणि विकत न घेता खंडाने करावी म्हटले, तर मालक घाबरतो. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कसणारा मालक मानला गेला, त्याची धास्ती आजही बांधावर उभी आहे. म्हणून खंड तोंडी, पावती नाही, पीककर्ज नाही, नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात. ज्याच्या अंगात कसण्याची धमक आहे त्याला जन्माची कमाई जमिनीत गाडण्यावाचून मार्ग ठेवलेला नाही.

मेळाव्यात काय ठरवायचे

तीन मागण्या आपण इचलकरंजीत हात वर करून मंजूर कराव्यात असे आम्ही सुचवतो. एक, ज्या नोंदीसाठी सरकार पैसे घेते त्या नोंदीची हमी सरकारने द्यावी आणि ती चुकली तर भरपाई द्यावी. दोन, हमीभाव काढताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरावे. तीन, लेखी खंडाला मालकाचा हक्क न जाता आणि कसणाऱ्याला कर्ज मिळेल असे संरक्षण द्यावे.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर गावागावात एक काम आजपासून करता येईल. कोणी जमीन घेत असेल तर त्याच्याबरोबर दोन जाणती माणसे पाठवा : एक माती ओळखणारा, एक कागद वाचणारा. इसार देण्याआधी खड्डा घेतला का, मे महिन्यातली विहीर पाहिली का, बहिणींना विचारले का आणि चार वर्षांचा हिशेब मांडला का, हे चार प्रश्न त्याला विचारा. चारांतल्या एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर त्याच्या खिशातला इसार खिशातच राहू द्या. जमीन कुठे पळून जात नाही. पळून जातो तो पैसा, आणि तो परत मिळवायला पुन्हा मागावर वीस वर्षे उभे राहावे लागते.